न मावणारे भय

भयकथेविषयी शिकलेल्या वाचकांत एक समजूत इतकी रुळली आहे की ती तपासून पाहावी असे आता कोणाला वाटत नाही. कथेतले भूत, तळघरातली चाहूल, समुद्रतळातून वर येणारा अजस्र जीव हे सारे आपल्याच मनात दडपलेले काहीतरी असते आणि ते वेश पालटून परत येते, असे ही समजूत सांगते. तळघर म्हणजे नेणीव, कुलूप म्हणजे दमन, राक्षस म्हणजे नाकारलेली वासना. हा वेश उतरवला की कथा ‘कळली’ असे मानून आपण पुस्तक मिटतो. समीक्षालेखांत, चित्रपटांच्या परीक्षणांत, वाचनकट्ट्यावरच्या चर्चेत हीच चावी फिरताना दिसते.

एका कथाप्रकाराच्या बाबतीत तरी ही समजूत उथळ आहे आणि तिने त्या कथांचे नुकसान केले आहे, असे मी ठामपणे म्हणतो. विअर्ड कथेतले भय अर्थ दडल्यामुळे जन्मत नाही. अर्थ लावण्याची सगळी साधने वापरून झाल्यावरही समोरची गोष्ट त्यांत मावत नाही, तेव्हा ते जन्मते. त्यामुळे दडलेला अर्थ काढून दाखवणारे स्पष्टीकरण भयाचा उलगडा करत नाही. ते आधी कथेतून भय काढून घेते आणि मग जे उरते त्याचा उलगडा करते. मनोविश्लेषणाला येथे काहीच काम नाही, असा याचा अर्थ नाही. त्याचे काम वेगळ्या जागी आहे, आणि ती जागा शोधण्यासाठी हा लेख.

१. कोणत्या कथांविषयी

‘विअर्ड’ हे नाव रुळवण्यात 1923 साली सुरू झालेल्या ‘विअर्ड टेल्स’ या अमेरिकन मासिकाचा मोठा वाटा आहे; पण हा प्रकार त्याहून जुना. आर्थर मेकनची ‘द ग्रेट गॉड पॅन’ 1894ची, अल्जरनॉन ब्लॅकवुडची ‘द विलोज’ 1907ची. प्रॉव्हिडन्स या अमेरिकन शहरात जन्मलेल्या आणि तिथेच वारलेल्या हॉवर्ड फिलिप्स लव्हक्राफ्टने (1890–1937) या प्रकाराला त्याचे सर्वांत ठळक रूप दिले. त्याच्या अभ्यासाला शिस्त लावणारे एस. टी. जोशी यांचा जन्म पुण्याचा. लव्हक्राफ्टचे बृहत्चरित्र त्यांनीच लिहिले. ‘द विअर्ड टेल’ या 1990च्या ग्रंथात त्यांनी या लेखकांकडे जगाविषयी ठाम धारणा असलेले लेखक म्हणून पाहिले. त्यांना मनोरुग्णांच्या रांगेत बसवले नाही. या एका निर्णयाने पुढची बरीच चर्चा शक्य झाली.

भुताच्या पारंपरिक कथेत भुताला कारण असते: अन्याय, अपुरी इच्छा, शाप. नारायण धारप यांच्यावर लव्हक्राफ्टची छाया आहे हे मराठी वाचक जाणतो. पण धारपांच्या ज्या कथांत समर्थ हे पात्र येते, तिथे अमंगळाशी झुंजणारी एक मंगल शक्तीही उभी राहते. विश्वाला बाजू आहेत, आणि त्यांतली एक आपली आहे, हे तिथे गृहीत असते. विअर्ड कथेत विश्वाला बाजूच नसते. येणारे जे काही असते ते आपल्यावर सूड घ्यायला आलेले नसते. आपण त्याच्या खिजगणतीतही नसतो.

२. ‘सँडमॅन’चे फ्रॉइडने काय केले

मनोविश्लेषणाचा मूळ दाखला म्हणजे ‘दास उनहाइमलिशे’ हा सिग्मुंड फ्रॉइडचा 1919चा निबंध. त्याच्या मध्यभागी इ. टी. ए. होफमानची ‘सँडमॅन’ ही कथा आहे. जी मुले झोपत नाहीत त्यांचे डोळे काढून नेणाऱ्या सँडमॅनची गोष्ट नाथानाएलने लहानपणी ऐकलेली असते. वडिलांकडे रात्री येणारा वकील कोपेलिउस हाच तो सँडमॅन, असे त्याच्या मनात बसते. वडील एका स्फोटात मरतात. पुढे विद्यार्थिदशेत त्याला कोपोला नावाचा दुर्बिणी विकणारा भेटतो. नाथानाएल ऑलिम्पिया नावाच्या तरुणीच्या प्रेमात पडतो. ती यंत्रबाहुली निघते. शेवटी तो मनोऱ्यावरून उडी टाकतो.

फ्रॉइडच्या आधी, 1906 साली, एर्न्स्ट येन्च याने अशा अनुभवाचे मूळ बौद्धिक अनिश्चिततेत शोधले होते: समोरचे सजीव आहे की निर्जीव हेच ठरत नाही, म्हणून आपण अस्वस्थ होतो. फ्रॉइडने हे उत्तर बाजूला सारले. डोळे गमावण्याची भीती ही खच्चीकरणाच्या भीतीची बदली आहे, कोपेलिउस हे दुभंगलेल्या पितृप्रतिमेचे दुष्ट अंग आहे, असे त्याने मांडले. ही मांडणी तल्लख आहे, तिच्याबद्दल मला आदर आहे. पण ती करण्यासाठी फ्रॉइडला आधी एक काम करावे लागले. कोपोला म्हणजेच कोपेलिउस, याबद्दल कथेच्या अखेरीस शंका उरत नाही, असे त्याला जाहीर करावे लागले.

मूळ कथा अशी सरळ नाही. ती तीन पत्रांनी उघडते. पहिले पत्र चुकून भलत्याच हाती पडते. दुसऱ्यात त्याची प्रेयसी क्लारा शांतपणे सांगते की हे सारे नाथानाएलच्या मनात आहे. तिसऱ्यात नाथानाएल आपलेच म्हणणे डळमळीत करतो. मग निवेदक येतो आणि ही कथा सुरू कशी करावी हेच आपल्याला सुचत नव्हते, असे वाचकाला सांगतो. म्हणजे ‘हे मनातले आहे’ हे स्पष्टीकरण कथेतच एका पात्राच्या तोंडी आहे, आणि कथा त्याला पुरे पडू देत नाही. फ्रॉइडने पत्रे आणि निवेदक वगळून सरळ रेषेत गोष्ट सांगितली. अनिश्चितता आधी काढून टाकली आणि नंतर अनिश्चिततेचा या अनुभवाशी संबंध नाही असे सिद्ध केले. या एका उदाहरणात संपूर्ण पद्धतीचा दोष दिसतो. ती कथेच्या ऐवजाला उत्तर देते, कथेच्या घडणीला देत नाही. आणि भय घडणीत असते.

३. फ्रॉइडचे दुसरे उत्तर

फ्रॉइडला न्याय द्यायचा तर त्याच निबंधात दुसरे उत्तरही आहे, आणि चावी फिरवणारे ते सहसा विसरतात. दडपलेल्या बालपणीच्या गंडांखेरीज, आपण मागे टाकलेल्या श्रद्धाही परत येऊ शकतात, असे तो म्हणतो: मेलेले फिरकतात, इच्छा केली की घडते, वस्तूंना प्राण असतो. विवेकाने जिंकलेला मुलूख एखाद्या क्षणी हातचा निसटतो. एम. आर. जेम्सच्या 1904च्या ‘ओ, व्हिसल’ कथेला हे उत्तर चपखल बसते. भुतांवर काडीचा विश्वास नसलेला प्राध्यापक पार्किन्स उकरून काढलेली शिट्टी वाजवतो, आणि दुसऱ्या पलंगावरची चादर उठून उभी राहते.

लव्हक्राफ्टपाशी मात्र हे उत्तर थांबते, कारण त्याच्या भयाची दिशा उलटी आहे. त्याच्याकडे विवेक ढळल्याने भय येत नाही. विवेक शेवटपर्यंत चालवल्याने येते. ‘द कलर आउट ऑफ स्पेस’ (1927) मधला दगड आकाशातून पडतो तेव्हा गावकरी मंत्र म्हणत नाहीत. विद्यापीठाचे प्राध्यापक येतात, तुकडा नेतात, तापवतात, आम्लांत टाकतात, वर्णपट तपासतात. प्रत्येक चाचणी नीट पार पडते, आणि प्रत्येक चाचणीनंतर हातात आधीपेक्षा कमी उरते. वर्णपटात ओळखीच्या पट्ट्या नाहीत. त्या वस्तूच्या छटेला ‘रंग’ म्हणायचे ते केवळ दुसरा शब्द नाही म्हणून. मग नेहम गार्डनरच्या शेतात फळे मोठी आणि कडू लागतात, झाडे वारा नसताना हलतात, माणसे राखाडी होऊन ढासळतात. येथे कोणती जुनी श्रद्धा परतली? अशा रंगावर कोणत्याही काळी कोणाची श्रद्धा नव्हती.

तो काळही ध्यानात घ्यावा. फ्रॉइडचा निबंध आला त्याच 1919 साली सूर्यग्रहणाच्या निरीक्षणांनी आइन्स्टाइनच्या सिद्धान्ताला पुष्टी दिली. 1920च्या दशकात एडविन हबलने आपल्या आकाशगंगेबाहेर इतर दीर्घिका असल्याचे दाखवले. 1930 साली प्लूटो सापडला आणि लव्हक्राफ्टने तो लगेच ‘द व्हिस्परर इन डार्कनेस’मध्ये घेतला. अंटार्क्टिकावरच्या त्याच्या कादंबरिकेत वेगनरच्या खंडवहनाचा उल्लेख आहे, तोही बहुतेक भूशास्त्रज्ञ ते मान्य करत नव्हते त्या काळात. हा माणूस पक्का भौतिकवादी होता, धर्म मानत नव्हता, आणि ‘बियाँड द वॉल ऑफ स्लीप’च्या निवेदकाकरवी त्याने फ्रॉइडच्या प्रतीकांना पोरकट ठरवले आहे. त्याचे भय ज्ञानाच्या मागे रेंगाळलेले नाही. ते ज्ञानाच्या आघाडीवर उभे आहे.

४. कांटची दुसरी पायरी

मग तत्त्वज्ञानाकडे वळावे लागते. इमान्युएल कांटने 1790च्या ग्रंथात उदात्ताच्या अनुभवाचे जे विश्लेषण केले, त्यात दोन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर काहीतरी इतके विराट किंवा प्रबळ समोर येते की कल्पनाशक्ती ते कवेत घेऊ शकत नाही, आणि आपल्याला वेदना होते. दुसऱ्या पायरीवर आपल्या ध्यानात येते की हे अपुरेपण जोखणारी बुद्धी आपल्याचजवळ आहे आणि ती निसर्गाहून श्रेष्ठ आहे. तिथे वेदनेचे सुखात रूपांतर होते. कडा कोसळू पाहतो, आपण सुरक्षित अंतरावर असतो, आणि माणूसपणाचा अभिमान वाटतो.

विअर्ड कथा पहिली पायरी कांटइतक्याच नेमकेपणाने रचते आणि दुसरी नाकारते. भव्यता आहे, अपुरेपण आहे. अपुरेपण जोखणारी बुद्धीही आहे, पण तिला श्रेष्ठ ठरवणारा न्यायनिवाडा नाही. ‘द विलोज’मध्ये हे फार बारकाईने घडते. दोन प्रवासी पूर आलेल्या डॅन्यूबमध्ये, व्हिएन्ना आणि बुडापेस्टच्या दरम्यान, झिजत चाललेल्या वाळूच्या बेटावर मुक्काम करतात. वल्हे नाहीसे होते, नावेला चीर पडते, वाळूत नरसाळ्याच्या आकाराचे खड्डे दिसू लागतात, वाळुंजाची झुडपे रात्रीतून तंबूजवळ सरकल्यासारखी वाटतात. निवेदक कल्पक आहे, आणि तोच प्रत्येक गोष्टीला कारण देत राहतो: वारा, पाण्याचा जोर, विसराळूपणा. कल्पनाशून्य म्हणून त्याने हिणवलेला त्याचा स्वीडिश सोबती मात्र कारणे देणे आधी थांबवतो. पुढे तो जे सांगतो त्याने कथेचा तळ हलतो: त्यांच्याविषयी विचार करू नकोस, विचारानेच आपण त्यांना सापडू. म्हणजे कांट ज्या बुद्धीच्या आधाराने दुसरी पायरी चढतो, तीच येथे माग काढण्याची खूण ठरते. ही कथा माझ्या मते या प्रकारातली सर्वश्रेष्ठ आहे, कारण तिच्यात राक्षस नाही. फक्त स्पष्टीकरणे आहेत, आणि त्यांच्यातून उरणारी बाकी आहे.

५. नव्या तत्त्वज्ञांचे योगदान आणि त्यांची घाई

एकविसाव्या शतकात काही तत्त्वज्ञांनी या कथांना गंभीरपणे घेतले, आणि त्याचे मला मनापासून समाधान आहे. यूजीन थॅकरने 2011 साली आपल्यासाठी असलेले जग, स्वतःमध्ये असलेले जग आणि आपल्याविना असलेले जग असा भेद केला, आणि या तिसऱ्या जगाची चाहूल भयकथेत लागते असे म्हटले. ग्रॅहम हारमनने 2012च्या पुस्तकात लव्हक्राफ्टची वाक्येच तपासली. क्थुल्हू या समुद्रतळातल्या अजस्र जीवाच्या मूर्तीचे वर्णन करताना लेखक एकाच दमात आठपाय्या, ड्रॅगन आणि माणसाचे विडंबन अशी तीन नावे घेतो, आणि मग खरी भीती या तपशिलांची नव्हे तर एकूण आकाराची होती असे सुचवून तिन्ही नावे अपुरी ठरवतो. ज्याला बटबटीत शैली म्हणून हिणवले गेले, तिच्यात वस्तू आणि तिचे गुण यांच्यातली फट उघडी केलेली आहे, हे हारमनचे निरीक्षण मला निर्णायक वाटते. मार्क फिशरने आणखी एक मुद्दा जोडला: फ्रॉइड नेहमी बाहेरचे आत ओढून घेतो, आणि विअर्ड कथा आतल्याकडे बाहेरून पाहायला लावते.

पण या मंडळींचीही एक घाई आहे. कथा त्यांच्या हातात सिद्धान्ताचे प्रात्यक्षिक होऊन बसते. राक्षस म्हणजे दडपलेली वासना असे म्हणण्याऐवजी राक्षस म्हणजे मानवनिरपेक्ष वास्तव असे म्हटले, तर चावी बदलली, पण कुलूप उघडण्याची हौस तीच राहिली. थॅकर कधी कधी या मोहात पडतो. ‘आपल्याविना असलेले जग’ हे शब्द वाचून कोणी घाबरत नाही. ‘द कलर आउट ऑफ स्पेस’च्या शेवटी ती शापित दरी धरणाच्या पाण्याखाली जाणार असते, आणि ते पाणी आपण कधीच पिणार नाही असे सर्वेक्षक निवेदक ठरवतो, तेव्हा अंगावर काटा येतो. सिद्धान्ताने या दोन अनुभवांतले अंतर सांगायला हवे.

ते अंतर सांगायला आपले रसशास्त्र उपयोगी पडते, असे मला वाटते. भयानक रसाचा स्थायिभाव भय. त्याला विभाव लागतो, म्हणजे भीतीचे ठरलेले आलंबन. शाकुंतलातल्या पळणाऱ्या हरणाचे उदाहरण घेऊन अभिनवगुप्त सांगतो की प्रेक्षकाच्या मनातले भय स्थळकाळाच्या आणि ‘मी’च्या बंधनांतून सुटते, म्हणून ते आस्वाद्य होते. विअर्ड कथेत नेमके आलंबनच पूर्ण आकाराला येत नाही. वाघ किंवा शत्रू अशी निश्चित वस्तू नसल्याने भयाचे साधारणीकरण होते, पण ते टेकणार कशावर हे ठरत नाही. म्हणून या कथांचा खरा आधार भय नसून विस्मय असावा, असे मी मानतो. नाट्यशास्त्रात अद्भुताचे विभाव सुखद आहेत: दिव्य जनांचे दर्शन, इच्छित मनोरथाची प्राप्ती. लव्हक्राफ्टच्या कथांत लोकोत्तर सत्तेचे दर्शन घडते, पण तिला आपल्या मनोरथांशी काहीही देणेघेणे नसते. तोच विस्मय, पण त्याचा आनंद काढून घेतलेला. भरताने भय हे स्त्रिया आणि नीच प्रकृतीची पात्रे यांच्यापुरते मानले. येथे थरथरतात ते प्राध्यापक, भूगर्भतज्ज्ञ, ग्रंथपाल. ज्यांच्याजवळ साधने सर्वांत जास्त, त्यांनाच साधनांचा अंत लागतो.

६. दोन आक्षेप

पहिला आक्षेप: लेखकाने फ्रॉइडला हसावे, पण त्याचे चरित्र फ्रॉइडच्याच बाजूने साक्ष देते. लव्हक्राफ्ट अडीच-तीन वर्षांचा असताना, 1893 साली, त्याच्या वडिलांना प्रॉव्हिडन्सच्या बटलर रुग्णालयात मनोरुग्ण म्हणून ठेवले गेले. पाच वर्षांनी ते तिथेच वारले. 1919 साली आई त्याच रुग्णालयात दाखल झाली आणि 1921 साली तिथेच गेली. वारशाने येणारे वेड, रक्तातून उतरणारी विकृती हे त्याचे ध्यासविषय या घरातून आले नसतील असे कोण म्हणेल? मी म्हणणार नाही. पण चरित्र ही कथा या माणसाला का सुचली ते सांगते. ज्याच्या घरात असे काही घडले नाही असा वाचक ती वाचताना का भितो, ते सांगत नाही. लेखकाच्या निवडीची कारणे आणि वाचकाच्या भयाची कारणे या दोन गोष्टी आहेत, आणि मनोविश्लेषणात्मक समीक्षेने त्यांची सतत गल्लत केली आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो टाळणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. लव्हक्राफ्ट वंशद्वेष्टा होता. पत्रांतही आणि कथांतही. 1924 ते 1926 या न्यूयॉर्कमधल्या काळात स्थलांतरितांविषयीचा त्याचा तिटकारा विखारी झाला, आणि ‘द हॉरर अ‍ॅट रेड हुक’ ही त्याची उघड साक्ष आहे. स्थलांतरावर राष्ट्रनिहाय कोटा बसवणारा कठोर कायदा अमेरिकेत 1924 सालीच झाला होता; म्हणजे ही भीती त्याच्या एकट्याची नव्हती. मग ‘न मावणारे बाहेरचे’ हे गंभीर शब्द म्हणजे शेजारच्या गल्लीतल्या परक्या माणसांच्या भीतीवर घातलेले तात्त्विक पांघरूण नाही काय?

‘रेड हुक’बाबत याचे उत्तर ‘होय’ असे आहे. तिथे ज्यूलिया क्रिस्तेवाचे 1980च्या ग्रंथातले विवेचन पूर्ण लागू पडते: ‘मी’ची हद्द टिकवण्यासाठी जे बाहेर ढकलले जाते आणि तरी हद्दीवर घोटाळत राहते, त्याची किळस. या कथेत विचित्र असे काही उरत नाही, फक्त द्वेष उरतो, आणि म्हणूनच ती कथा म्हणून फसलेली आहे. व्हिक्टर लाव्हालने 2016च्या ‘द बॅलड ऑफ ब्लॅक टॉम’मध्ये तीच कथा एका कृष्णवर्णीय तरुणाच्या बाजूने नव्याने लिहिली आणि तिच्यातला खरा राक्षस कोण ते दाखवले. मनोविश्लेषणाचे योग्य स्थान मला येथे सापडते. कथा कुठे फसली, कुठे न मावणाऱ्याच्या जागी लेखकाने आपली ओळखीची घृणा ठेवून वेळ मारून नेली, हे ते अचूक दाखवते. जिथे स्पष्टीकरण पुरे पडते तिथे विअर्ड कथा संपलेली असते, हे सांगणारे ते यंत्र आहे.

७. कसोटी: इन्समथ

माझा सिद्धान्त जिथे मोडायला हवा ती कथा म्हणजे 1936 साली प्रसिद्ध झालेली ‘द शॅडो ओव्हर इन्समथ’. एक तरुण जुन्या वास्तू पाहत फिरताना मॅसॅच्युसेट्समधल्या एका कुजत चाललेल्या बंदरात पोहोचतो. तिथल्या लोकांच्या चेहऱ्यात काहीतरी बिघडलेले आहे. एक म्हातारा दारुडा त्याला सांगतो की एका कप्तानाने समुद्रातल्या जीवांशी सौदा केला आणि दोन्ही रक्ते मिसळली. तरुण जीव घेऊन पळतो, सरकारला खबर देतो. पुढे वंशावळ शोधताना त्याला कळते की त्याची पणजी त्याच घराण्यातली. आरशात तोच चेहरा उमटू लागतो.

येथे फ्रॉइडवादी म्हणेल: पाहा, बाहेरचे शेवटी आतलेच निघाले. द्वेषाचा अभ्यासक म्हणेल: रक्तमिश्रणाची भीती, दुसरे काय. दोघांचेही बरोबर आहे, आणि दोघांनी शेवटची पाने नीट वाचलेली नाहीत. दडपलेल्याचे पुनरागमन हेच भयाचे मूळ असते, तर ओळख पटली त्या क्षणापासून निवेदकाचे भय वाढत गेले असते. तो पिस्तूल विकत घेतो हे खरे. पण चालवत नाही. वंशावळीने सगळ्या खुणांचा अर्थ लागतो, काहीही शिल्लक राहत नाही, आणि त्याची भीती ओसरते. वेड्यांच्या इस्पितळातून आपल्या मामेभावाला सोडवून दोघांनी समुद्रतळाच्या नगरीत चिरकाल राहायचे बेत तो आनंदाने करतो. त्याच्यापुरते स्पष्टीकरण पूर्ण झाले आहे.

भितो तो वाचक. एवढी पाने ज्या ‘मी’च्या डोळ्यांनी आपण पाहत आलो, ज्याच्या तर्कावर विसंबलो, तोच आता आपल्या मापात मावत नाही. त्याला वेड लागले म्हणावे, तर त्याचा पुरावा चोख आहे. तो शहाणा आहे म्हणावे, तर आनंदाची आपली कल्पना सोडून द्यावी लागते. ज्या रक्ताची लव्हक्राफ्टला आयुष्यभर शिसारी आली, तेच रक्त कथेच्या शेवटी निवेदकाला मृत्यूपासून सुटका आणि आप्तांचा सहवास देते. कथा येथे आपल्या लेखकाच्या द्वेषालाही ओलांडून पुढे गेली आहे, आणि हा आनंद खोटा आहे असे सिद्ध करील असे कोणतेही साधन तिने आपल्या हाती ठेवलेले नाही.